अंथरुणावरच्या मुलाचं नावही पटावर हवं



जून उजाडला की गावोगावी प्रवेशोत्सव होतो. गुलाबाची फुलं, नवी पुस्तकं, फोटो. त्याच गल्लीत एखादं लेकरू घरात असतं. कुणाला चालता येत नाही, कुणाला फिट येतात. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलच्या कळा सुरू झाल्या की पोर दिवसचे दिवस उठत नाही. त्याच्याविषयी कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं : "त्याला कसली शाळा? घरीच बरा आहे." हे उत्तर यंदा कुणाकडूनही ऐकून घेऊ नका, ही आमची विनंती आहे.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक मूल त्यात येतं. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. गोंधळ होतो तो इथेच. हा पर्याय मुलाने आणि पालकांनी निवडायचा आहे, शाळेने त्यांच्या गळ्यात मारायचा नाही. "आणू नका, आम्ही हजेरी लावतो" असं कुणी गोड बोलून सांगितलं, तर ती मेहेरबानी समजू नका. घरी शिकणं म्हणजे विशेष शिक्षकाने घरी यायचं, मुलाला झेपेल तो अभ्यास घ्यायचा, घरच्यांना शिकवायचं आणि प्रगतीची नोंद ठेवायची. एकेका विशेष शिक्षकावर किती शाळांचा भार असतो हे आम्ही पाहतो. त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण मुलांची नावं कागदावर आलीच नाहीत, तर आणखी शिक्षक नेमायचे कशासाठी, असंच वरून विचारलं जाणार.

ज्याला शाळेत यायचं आहे, त्याची वाट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आणखी रुंद केली. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. जवळची शाळा की विशेष शाळा, हे मुलाच्या पसंतीने. ये-जा करण्याची सोयही करायची आहे, आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलासोबत मदतनीस असेल तर त्याचीही. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे आजार याच कायद्याच्या २१ प्रकारांत आहेत, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसतं.

आजारपणात गैरहजेरी वाढली म्हणून आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. जन्मदाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, सत्र सुरू होऊन महिने लोटले, यातलं कोणतंही कारण प्रवेश नाकारायला चालत नाही. वय उलटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढून देणं, हीदेखील शाळेचीच जबाबदारी.

आशाताई आणि अंगणवाडीताईंना कोणत्या घरात कोणतं मूल आहे हे सगळ्यात आधी कळतं. त्यांनी मुख्याध्यापकांना सांगावं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांनी हा विषय बैठकीत घ्यावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. शाळेच्या पायऱ्यांना उतार आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह त्यातून का होत नाही, हे ग्रामसभेत विचारा. शेजाऱ्यांना एकच सांगणं : त्या आईला "कशाला त्रास घेतेस" म्हणू नका. तिच्याबरोबर शाळेपर्यंत चला.

पालकांनो, तोंडी बोलून परत येऊ नका. मुलाचं नाव, वय, अडचण आणि तुम्हाला शाळा हवी की घरी शिक्षण, एवढं साध्या कागदावर लिहून मुख्याध्यापकांना द्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. दाद लागली नाही तर पंचायत समितीकडे किंवा नगरपालिकेकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत तिचा निकाल लागायला हवा, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं. लिहिता येत नसेल तर गावातल्या कोणत्याही कॉलेजच्या पोराला बसवून लिहून घ्या. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

आपले,
दिव्यांग आणि दीर्घ आजारी मुलांचे पालक