वाळा बिनविषारी, अंधश्रद्धा विषारी

पावसाळा लागला की जालना जिल्ह्यात भोकरदनपासून परतूरपर्यंत मोरीच्या दगडाखाली, रांजणाच्या ओलीत, शेणखतात वाळा वळवळताना दिसतो. कोणी त्याला गांडूळ समजतो, कोणी नागाचे पिल्लू म्हणून ठेचतो. कानात शिरतो, डसला तर माणूस वाचत नाही, असेही सांगणारे भेटतात.

खरे काय आहे? वाळा हा सापच, पण पुरा वाढला तरी वीतभर भरत नाही. डोळे खवल्यांखाली झाकलेले. उजेड आणि अंधार एवढेच कळते. तोंड इतके बारीक की माणसाला चावताच येत नाही. विष तर नाहीच. मुंग्या-वाळवीची अंडी व अळ्या खाऊन तो जगतो. हातात धरला तर शेपटीचे टोक टोचते, त्यालाच लोक दंश म्हणतात. या जातीत सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे कुंडीच्या मातीतून एकटी मादी परदेशी गेली तरी वंश वाढतो. अशीच ही जात जगभर पसरली.

असा 'दंश' झालेला माणूस मांत्रिकाकडे जातो. मांत्रिक लिंबाचा पाला फिरवतो, नारळ-पैसे घेतो. जे विष नव्हतेच, ते 'उतरते' आणि मांत्रिकाचे नाव होते. पुढे एखाद्या रात्री जमिनीवर झोपलेल्या लेकराला मण्यार डसतो. हा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो. आईबाप त्याच नावावर भरवसा ठेवून लेकरू मांत्रिकाकडे नेतात आणि उपचाराची वेळ निघून जाते.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, म्हणून मानू नका, तपासून घ्या. मांत्रिकाचा गुण सांगणाऱ्याला एकच विचारा, डसलेला साप विषारी होता काय?

साप डसल्यास जखम कापू नका, करकचून बांधू नका. डसलेला भाग न हलवता रुग्णाला तडक सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर तिथे लस मिळते. सर्पदंशाच्या रुग्णाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

साप ओळखू येत नसेल तर हात लावू नका, जाणकाराला बोलवा. वाळाच असेल तर केरसुणीने सुपलीत घेऊन बांधावर सोडा. पहिले शील त्या मुक्या जिवासाठीही आहे.

जयभीम!