कथा लेखिकेची, पडदा निर्मात्याचा. मग वाचकाचे काय?

एखादी आवडती कादंबरी पडद्यावर येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी तिच्या वाचकांत जी चलबिचल सुरू होते, तिच्याकडे शहाणीसुरती माणसे सहसा तुच्छतेने पाहतात. नायकाचे काम कोणी करावे, कोणता प्रसंग वगळला जाईल, शेवट बदलतील काय, याविषयी तासन् तास तर्क लढवणारी ही मंडळी रिकामटेकडी होत, असा एक समज आहे. त्यातून ती कादंबरी रक्तपिपासू पिशाचांची असेल, तर बोलायलाच नको! परंतु अमेरिकन लेखिका ॲन राइस यांच्या ‘व्हँपायर क्रॉनिकल्स’ या कादंबरीमालेच्या वाचकांनी दूरचित्रवाणीवरील रूपांतराची जी दीर्घ प्रतीक्षा केली आणि त्या काळात जे अंदाज बांधले, त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज तपासून घ्यावासा वाटतो. कथेवर अखेर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या इतिहासाच्या मुळाशी आहे. आणि तो केवळ पिशाचकथांपुरता नाही.

ॲन राइस या मूळच्या न्यू ऑर्लीन्सच्या. त्यांची लहानगी मुलगी १९७२ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ ही कादंबरी लिहिली व ती १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. या कादंबरीत क्लॉडिया नावाची पाच वर्षांची मुलगी आहे. तिला मरणाच्या दारातून ओढून पिशाच केले जाते. तिचे मन वाढते, पण देह मात्र कायम पाच वर्षांच्या बालिकेचाच राहतो. रक्ताच्या आजाराने मूल गमावलेल्या आईने रक्तावर जगणाऱ्या अमर मुलीची कथा लिहावी, यातील संबंध समजण्यास कोणा टीकाकाराची गरज नाही. भयकथेच्या वेष्टनात गुंडाळलेले हे शोकाचे पुस्तक होते आणि म्हणूनच त्याचे वाचक त्याला इतके चिकटून राहिले. १९८५ च्या ‘द व्हँपायर लेस्टॅट’पासून २०१८ पर्यंत या मालेत एकंदर १३ पुस्तके झाली. १९८८ साली वाचकांनी लेस्टॅट या पात्राच्या नावाने न्यू ऑर्लीन्समध्ये एक मंडळही स्थापन केले. काल्पनिक पात्राच्या नावाने मंडळ काढणाऱ्यांना हसणे सोपे आहे. पण ज्या साहित्याचे वाचक त्यातील माणसांना खरी मानत नाहीत, त्या साहित्याची प्रकृती फारशी ठीक आहे असे म्हणता येत नाही.

पात्रयोजनेवरून पहिले मोठे वादळ उठले ते १९९३ साली. आणि गंमत अशी की त्या वादळाच्या अग्रभागी खुद्द लेखिकाच होती. नील जॉर्डन यांच्या चित्रपटात लेस्टॅटची भूमिका टॉम क्रूझ करणार, हे जाहीर होताच राइसबाईंनी उघडपणे नापसंती व्यक्त केली. हक्क विकून झालेले असल्याने त्यांच्या हाती दुसरे काही नव्हतेच. वाचकही त्यांच्याच बाजूने उभे राहिले. मात्र १९९४ मध्ये चित्रपट पाहिल्यावर त्यांनी आपले मत साफ बदलले आणि चित्रपट-व्यवसायाच्या नियतकालिकात दोन पानांची जाहिरात देऊन क्रूझ यांच्या कामाची वाखाणणी केली. आपली चूक इतक्या ठळक अक्षरांत कबूल करण्याचा मोठेपणा थोड्यांच लेखकांपाशी असतो. पण या प्रसंगातून निघणारा बोध याहून महत्त्वाचा आहे. पात्र ज्याने निर्माण केले, त्यालाही ते दुसऱ्याच्या देहात कसे दिसेल हे आधी सांगता येत नाही. मग वाचकाने तशी खात्री बाळगावी, ती कशाच्या आधारावर? अर्थात प्रत्येक वेळी निर्मातेच शहाणे ठरतात असेही नाही. २००२ साली आलेल्या ‘क्वीन ऑफ द डॅम्ड’ या चित्रपटात दोन जाडजूड कादंबऱ्या एकत्र कोंबण्यात आल्या. तो वाचकांना रुचला नाही आणि लेखिकेनेही त्याच्याविषयी हात झटकले. तेव्हा वाचकांची धास्ती अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही.

पुढे २०१६ च्या नोव्हेंबरात राइसबाईंनी जाहीर केले की, चित्रपटाचे हक्क आपल्याकडे परत आले असून आता या कथांची दूरचित्रवाणी-मालिका करण्याचा विचार आहे. येथून जे सुरू झाले ते सहा वर्षे चालले. एका निर्मितीसंस्थेने हक्क घेतले. एका वाहिनीने २०१८ मध्ये मालिका हाती घेतली आणि पुढच्या वर्षअखेरीस सोडूनही दिली. सूत्रधार नेमले गेले आणि बदलले. अखेर २०२० साली ‘एएमसी’ या वाहिनीने राइस यांच्या १८ पुस्तकांचे हक्क घेतले. या सगळ्या काळात वाचकांच्या हाती अंदाजाखेरीज काही नव्हते. लेस्टॅट कोण होणार? आरंभ पहिल्या पुस्तकापासून करतील की दुसऱ्या? चित्रपटाने आडून सुचविलेले लुई व लेस्टॅट यांच्यातील प्रेम मालिका उघडपणे दाखवील काय? पाच वर्षांची क्लॉडिया कोणती मुलगी साकारणार?

हे प्रश्न पोरकट नाहीत. कादंबरी वाचताना प्रत्येक वाचक मनातल्या मनात एक प्रयोग लावीतच असतो. त्याचे नेपथ्य त्याच्या अनुभवाचे असते आणि पात्रांना चेहरे तोच देतो. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती दूरदर्शनवर येईपर्यंत मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांनी आपापले माधवराव मनात उभे केले होते. मालिकेनंतर पुष्कळांच्या मनातील त्या माधवरावांना रवींद्र मंकणी यांचा चेहरा आला तो आलाच! म्हणजे पडद्यावरचे रूपांतर वाचकाला काही देते, तसे त्याच्याकडून काही काढूनही घेते. आपल्या मनातील प्रयोग आता कायमचा बंद होणार, या जाणिवेने वाचक जी धडपड करतो, तिचेच दुसरे नाव तर्कवितर्क. हे वाचनाचेच एक अंग आहे. ‘पात्र असे का वागेल?’ याचा विचार केल्यावाचून ‘ते काम कोणी करावे?’ याचे उत्तर देता येत नाही.

२ ऑक्टोबर २०२२ रोजी मालिकेचे प्रसारण सुरू झाले. तत्पूर्वी सुमारे दहा महिने, ११ डिसेंबर २०२१ रोजी, राइसबाईंचे निधन झाले होते; त्यामुळे त्या या वेळी कोणती जाहिरात देत्या हे कळण्यास आता मार्ग नाही. वाचकांचे काही अंदाज खरे ठरले. लुई आणि लेस्टॅट यांचे प्रेम मालिकेने कसलाही आडपडदा न ठेवता दाखविले. क्लॉडियाचे वय १४ करण्यात आले. कोवळ्या बालिकेकडून प्रौढ मनाचा अभिनय करवून घेणे अशक्यप्राय असल्याने हा बदल समजण्यासारखा होता. पण सर्वांत मोठा बदल लुईच्या बाबतीत झाला. मूळ कादंबरीतील लुई हा १७९१ सालचा गोरा, निळीच्या मळ्यांचा आणि गुलामांचा मालक. मालिकेत तो १९१० सालच्या न्यू ऑर्लीन्समधील कृष्णवर्णीय व्यावसायिक झाला. ती भूमिका जेकब अँडरसन या नटाने केली.

यावर जो गदारोळ झाला त्यातील दोन सूर वेगळे काढले पाहिजेत, कारण ते एकमेकांत मिसळल्याने चर्चेचे नुकसान झाले. एक सूर निव्वळ वर्णद्वेषाचा होता. हजारो वर्षे जगणारी, रक्त पिणारी पात्रे ज्यांना सहज पटतात, त्यांना त्यांपैकी एकाची त्वचा काळी असणे तेवढे पटू नये, यावर अधिक भाष्याची आवश्यकता नाही. ‘मूळ कृतीशी निष्ठा’ हा शब्दप्रयोग अशा वेळी सोयीची ढाल म्हणून पुढे केला जातो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. दुसरा आक्षेप मात्र विचारार्ह होता. गुलामांच्या मालकाला बदलून त्याच्या जागी कृष्णवर्णीय नायक आणला, तर मालकाच्या अपराधाचा हिशेब कोणी द्यायचा? कादंबरीत लुई पापाच्या जाणिवेने सतत पोळत असतो. पण त्याच्या मळ्यावर राबणाऱ्या माणसांना तेथे फारसा आवाज नाही. ही उणीव भरून काढायची की झाकून टाकायची, हा प्रश्न रास्तच आहे.

आमच्या मते मालिकेने दिलेले उत्तर टाळाटाळीचे नाही. रेल्वेत गोऱ्यांना व काळ्यांना वेगळे डबे ठेवण्याचा लुइझियानातील कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये वैध ठरविला. तो खटला न्यू ऑर्लीन्समधूनच उद्भवला होता. अशा शहरात १९१० साली पैसा मिळवूनही पदोपदी मान खाली घालावी लागणाऱ्या माणसाला कोणी गोरा येऊन अमरत्व आणि सामर्थ्य देऊ करतो. तो देणारा प्रियकर आहे की नवा मालक? कादंबरीत ‘मालक’ आणि ‘बंदा’ हे नाते दोन पिशाचांपुरते होते. मालिकेने ते इतिहासाच्या जमिनीवर आणून ठेवले. शब्दाशी निष्ठा येथे सुटली हे खरे, पण आशयाशी असलेली निष्ठा सुटली असे म्हणणे कठीण आहे. शिवाय खुद्द राइसबाईंनी दुसऱ्या कादंबरीत लेस्टॅटच्या तोंडून पहिल्या कादंबरीतील लुईची कहाणी खोडून काढलीच होती. जिच्या निर्मातीने स्वतःच आपल्या कथेची उलटतपासणी घेतली, त्या कथेत ‘मूळ’ कशाला म्हणायचे?

आपल्याकडील वाचकांना या प्रकरणात एक वेगळाच दुवा सापडेल. लुईच्या घरातील रशीद हा शांत सेवक वास्तविक आर्माँ हे प्राचीन पिशाच असावे, असा तर्क अनेक प्रेक्षकांनी पहिल्या पर्वातच केला होता. शेवटच्या भागात तो खरा ठरला. कादंबरीतील आर्माँ कीव्हकडचा. मालिकेत असद झमान यांनी रंगविलेला आर्माँ मात्र दिल्लीत जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला अरुण आहे. या बदलाने कोणी दचकून जाण्याचे कारण नाही, कारण उलट दिशेचा प्रवास फार पूर्वी होऊन गेला आहे. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली वेताळाच्या कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा ग्रंथाच्या नावातच त्यांनी वेताळाला ‘व्हँपायर’ करून टाकले. ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध होण्यास अद्याप २७ वर्षे होती. कोकणात व गोव्यात ज्याची ग्रामदैवत म्हणून पूजा होते, जो राजाला कूटप्रश्न घालतो, त्या आपल्या वेताळाने रक्त पिण्याचा व्यवसाय कधी केला? पण कथा सीमा ओलांडते तेव्हा जकातनाक्यावर तिचे वेष बदलले जातातच. प्रश्न वेषाचा नसून, पलीकडे पोहोचल्यावर ती बोलते काय, याचा असतो.

तेव्हा वाचकाने तर्क करावेत काय? अवश्य करावेत. मात्र दोन धोके ध्यानात घ्यावेत. पहिला असा की, या तर्कांचा बाजार मांडणारे त्याच्याहून हुशार असतात. एखादे नाव हळूच सोडून द्यावे, महिनाभर चर्चा पेटू द्यावी आणि जाहिरातीचा खर्च वाचवावा, हे तंत्र आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. प्रेमापोटी केलेला विचार कोणाच्या तरी हिशेबवहीत फुकटची मजुरी म्हणून जमा होऊ नये. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. अंदाजाचे रूपांतर हक्कात आणि हक्काचे हुकमात होण्यास वेळ लागत नाही. आपल्या मनातील लेस्टॅट पडद्यावर आला नाही म्हणून त्या नटाला शिव्याशाप देणारा वाचक आणि आपल्या पात्रांवर इतर कोणी लिहू नये म्हणून बंदी घालणाऱ्या राइसबाई, या दोघांचा रोग एकच. त्यांनी तशी बंदी घातली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. कथा ही आपली खाजगी मालमत्ता आहे, असे दोघांनाही वाटते.

वस्तुतः कथेची मालकी कायद्याच्या कागदावर असते. तिचे आयुष्य मात्र त्या कागदावर चालत नाही. लेखकाने ती लिहावी, निर्मात्याने आपल्या कुवतीप्रमाणे ती मांडावी आणि वाचकाने दोहोंची झाडाझडती घ्यावी, अशी ही वाटणी आहे. झाडाझडती घ्यायची तर मूळ पुस्तक वाचलेले हवे आणि रूपांतर शेवटपर्यंत पाहिलेले हवे. १९९४ साली एका लेखिकेने चित्रपट आधी पाहिला आणि मग आपला शब्द मागे घेतला. तेवढा धीर आणि तेवढा प्रामाणिकपणा तिच्या वाचकांनी दाखविला, तर त्यांच्या तर्कवितर्कांना रिकामपणाचा उद्योग म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.