आजीचे लुगडे आणि करोडगिरी

दिवाळी आली की आमच्या आजीला सोलापूरच्या लुगड्याची गोष्ट हटकून आठवे. तिचे सासर राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. म्हणजे तेव्हाचे निजामाचे राज्य. सोलापूर, पंढरपूर हा मुलूख इंग्रजांचा. 1940च्या सुमारास आषाढीहून परतताना आजोबांनी लुगडे घेतले आणि हद्दीवर करोडगिरीच्या नाकेदाराने गाठोडे सोडायला लावले. जकात भरा! बरे, भरायची कशात? कनवटीला उरले होते कलदार. इकडे चालायचा हाली सिक्का. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. हिशेब जुळेपर्यंत बैल खाली बसले. "विठोबा तोच, बोली तीच, अन् लुगडं तेवढं परदेशचं!" आजी म्हणे.

हा नाका नुसत्या निजामाच्या लहरीवर चालत नव्हता, वाचकहो. 1802 साली कंपनी सरकार व निजाम यांच्यात व्यापारी तह झाला. एकमेकांच्या मुलखात येणाऱ्या मालावर शेकडा 5 जकात, त्याहून अधिक नाही, असे ठरले. मछलीपट्टणचे बंदर वापरण्याची मुभाही निजामाला मिळाली. कागदावर दोघे बरोबरीचे. पण बंदर कंपनीचे, आणि संस्थानाला स्वतःचा किनाराच नाही! मग बरोबरी कसली? पुढे 29 नोव्हेंबर 1947 रोजी हिंदुस्थानशी जैसे थे करार झाला. हिंदुस्थान आपली नाकेबंदी करतो, अशी निजाम सरकारची ओरड, तर दिल्ली ती नाकारी. सप्टेंबर 1948 मध्ये 13 ते 17 तारखेच्या पोलीस कारवाईने तो वाद मिटला.

मोठ्या घराशेजारी वेगळी चूल मांडणाऱ्यांची ही अडचण युरोपातही आहे. नॉर्वेच्या जनतेने 1972 आणि 1994 असा दोनदा युरोपीय संघात जाण्यास नकार दिला. तरी 1994 पासून तो युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे. बाजार खुला, पण संघाचे पुष्कळ कायदे पाळायचे आणि ते ठरवताना मत मात्र नाही. स्वित्झर्लंडने 1992च्या कौलात तेही नाकारले आणि एकेक करार वेगळा केला. खुद्द इंग्रज 2020 साली संघातून बाहेर पडले. आता त्यांच्या मालाला युरोपात शिरताना जकातीची कागदपत्रे लागतात. आमची आजी असती तर पदराआड हसली असती!

आजोबांनी अखेर जकात भरली. पावती मिळाली उर्दूत. आजीला ती वाचता येईना, म्हणून महत्त्वाची असेल असे समजून तिने ती लुगड्याच्या घडीत वर्षानुवर्षे जपली.