गोठ्यातला रहाट

हिवरखेडच्या स्थानकावर मीटरगेजची गाडी पकडून अकोल्यास आणि तेथून मुंबईमार्गे नोकरीनिमित्त मी प्रथम वसईस गेलो, तेव्हा ख्रिस्तजन्माचा गोठा मी कधी पाहिलेला नव्हता. आरास म्हटली की आमच्या वऱ्हाडात ती महालक्ष्म्यांपुढची. त्या डिसेंबरात मात्र पापडीपासून निर्मळपर्यंत, आळीआळीतल्या तरुणांनी रस्त्याकडेला उभारलेले देखावे पाहत मी रात्ररात्र हिंडलो. भाताच्या पेंढ्याने शाकारलेले छप्पर, आमच्या नवरात्रातल्या घटाप्रमाणे ताटांत पेरून उगवलेली नाचणीची शेते, केळीच्या बागा, अंजनगावच्या पानमळ्यांची आठवण करून देणारे पानवेलींचे मांडव, आणि या सर्वांच्या मधोमध गव्हाणीत निजलेले बाळ! बेथलेहेम नावापुरते, प्रत्यक्षात ते वसई परगण्यातलेच एखादे मौजे होते.

संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतील ग्रेच्चो गावी खरा बैल व खरे गाढव उभे करून जो देखावा मांडला, आणि फादर स्टीफन्स यांनी 1616 साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त जी कथा मराठी ओवीत आणली, तिलाच वसईच्या शेतकऱ्याने आपल्या वाडीची माती लावली, असे मी मानतो.

पुढे बागांच्या जागी इमारती आल्या, 2009 साली महानगरपालिका झाली, आणि तयार मूर्ती व लुकलुकणारे दिवे यांच्या गर्दीत गोठ्यातली शेती आक्रसत गेली. याचे मला मनापासून दुःख होते. कारण सातबाऱ्यावर विहिरीची नोंद एक वेळ सापडेल, परंतु त्या विहिरीवरचा रहाट कसा चाले, हे कोणत्याही सरकारी दप्तरात लिहिलेले नाही. गोठ्यांच्या स्पर्धा भरविणाऱ्यांनी झगमगाटापेक्षा हातच्या कामास अधिक गुण द्यावेत, आणि बागायत केलेली वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर त्यांना परीक्षक म्हणून सन्मानाने बोलवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एका गोठ्यात वीतभर उंचीचा लाकडी रहाट होता. गर्दीतले एक आजोबा तो बराच वेळ न्याहाळत राहिले, मग म्हणाले, “पोरांनो, रहाट उलटा फिरतोय रे, पाणी वर येणार कसं?” आणि तसेच खाली बसून त्यांनी थरथरत्या बोटांनी इवल्या डब्यांची माळ उतरवली, उलटवून पुन्हा चढवली. पहिली धार पन्हळीतून नाचणीत उतरेपर्यंत ते उठले नाहीत.