नियम शिकवा, पण कारणासह शिकवा

दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्यास जाणाऱ्याने एकदा मागे वळून पाहावे. वाशिष्ठीच्या काठी आदिलशाहीच्या काळातील दगडी मशीद उभी दिसते. मध्ये एक थोरला घुमट आणि कोपऱ्यांस चार मिनार. घुमट जड खरा, पण डोळ्याला त्याचा भार होत नाही. कारण बाजूचे सडपातळ मिनार त्याला तोलून धरतात. हा तोल ज्या पाथरवटांनी व गवंड्यांनी साधला, ते कोणत्या चित्रशाळेत गेले नव्हते. म्हणून त्यांना रचनेचे नियम ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणेल काय?

हे आठवण्याचे कारण असे की, कलेच्या शाळांतून रचनेचे जुने नियम शिकवावेत की नाहीत, हा वाद पुनःपुन्हा निघतो. एक पक्ष म्हणतो, नियमांनी मुलाचा हात बांधला जातो, त्यास मोकळे सोडा. दुसरा म्हणतो, पोथीत आहे तेच खरे, तेवढे पाठ करा. आमच्या मते दोघेही अर्धेच बोलतात. आणि हा वाद शहाण्यांचा, आपल्याला त्याचे काय, असे आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनी समजू नये. चिपळूण तालुक्यात सावर्ड्यास आज कला महाविद्यालय आहे. हे शिक्षण मुंबईपुरते राहिलेले नाही. उद्या त्यात तुमचेच पोर जाणार आहे.

रचना म्हणजे काय? विणकर लुगड्याचा पदर भरतो आणि अंग मोकळे ठेवतो. मायबहिणी रांगोळी काढताना आधी ठिपके मांडतात, मग रेघ ओढतात. कुंभार मूर्तीची बैठक रुंद ठेवतो, म्हणजे ती पडत नाही आणि पडेलशी वाटतही नाही. हेच रचनेचे नियम. बापाच्या हाताखाली पोराने "असे का?" म्हणून विचारले, तर उत्तर मिळे, "दुसऱ्या तऱ्हेने करून बघ." करून बघितले की कारण कळे, आणि कळलेले कारण जन्मभर पुरे.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर याच शाळेत शिकले. त्यांचा जन्म १८९० चा. वडील कृष्णराव मेस्त्री यांच्यापाशी त्यांनी हात तयार केला, आनंदरावांच्या जोडीने नाटकांचे पडदे रंगविले, आणि १९२० साली 'सैरंध्री' हा बोलपट निघण्यापूर्वीच्या काळातील मूकपट पडद्यावर आणला. त्यांच्यापाशी कलाशाळेचा दाखला नव्हता. पण "पाहा, नियमांवाचून मोठे झाले" असे म्हणणे चुकीचे आहे. त्यांना नियम घरात मिळाले होते.

आता ते घर कोठे आहे? बहुतेकांचे नेहे थंडावले, माग बंद पडले, बलुते गेले. सुखवस्तू घरच्या मुलास पुस्तके मिळतात, शिकवणी मिळते. कारागिराच्या पोरास जे काही मिळायचे ते शाळेतच. त्याला "मोकळा सोडला" म्हणजे दाराबाहेरच सोडला. ज्याच्या परसात विहीर आहे, त्याने दुसऱ्यास पोहरा नको म्हणून सांगावे, तसला हा प्रकार.

परंतु नियम डोळे मिटून घेऊ नयेत. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात माणसांची पाच मापे सांगितली आहेत. त्यांत हंस १०८ अंगुळांचा व शशक ९० अंगुळांचा. देवांना माप हंसाचे, आणि शूद्राला शशकाचे! पायथा रुंद असावा, या नियमाचे कारण डोळ्यात आहे. शूद्र अठरा अंगुळे आखूड असावा, याचे कारण डोळ्यात नाही, ते लिहिणाऱ्याच्या समाजात आहे. पहिला नियम आपल्या बापजाद्यांचा, तो मागून घ्यावा. दुसरा आपल्यावर लादलेला, तो मुलांना दाखवावा आणि कोणी का लिहिला तेही सांगावे. कारण विचारल्यावाचून हे दोन वेगळे करता येत नाहीत.

पोथीपेक्षा काम पाहणे बरे. मुंबईस सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली, ती विलायती वळणाची. तरी तेथल्या ग्रिफिथ्स साहेबांस १८७२ पासून आपले शिष्य अजिंठ्यास नेऊन भिंतींवरील चित्रांच्या नकला करवाव्या लागल्या. या देशाची रचना त्यांना त्या भिंतींपाशीच शिकता आली.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. पहिली वर्षे नियम नीट शिकवावेत. प्रत्येक नियम एकदा मुद्दाम मोडून घ्यावा, म्हणजे काय बिघडते अथवा काय नवे साधते ते मुलास दिसेल. आणि जुन्या सुतारास, पाथरवटास, विणकरास वर्गात बोलवावे. पाहुणा म्हणून हार घालून परत पाठवू नये, तर शिक्षकाचा पगार देऊन शिकवू द्यावे.

आईबापांनीही एक करावे. पोर चित्र काढून दाखवील, तेव्हा नुसते "छान" म्हणू नये. "हे झाड इथेच का?" असे विचारावे. उत्तर देता आले, तर शाळा काही शिकवते आहे असे समजावे. नाही आले, तर शाळेत जाऊन तोच प्रश्न गुरुजींस विचारावा. तो विचारण्याचा तुमचा हक्क आहे.