रेस चिकटते? गाडी जागेवरच ठेवा

हुबळीच्या विद्यानगरात बी.व्ही.बी. कॉलेजसमोरच्या पुणे-बंगळुरू रस्त्याचा मधला भाग 'चिगरी' बसगाड्यांना राखून ठेवलेला आहे. उरलेल्या रस्त्यावर कार, रिक्षा, दुचाक्या आणि थांब्याकडे धावणारी मुलं. अशा ठिकाणी पाय उचलल्यावरही रेस उतरत नसेल, तर ती गाडी रस्त्यावर आणूच नये. 'जुनी गाडी आहे, चालायचंच' हे मला अजिबात मान्य नाही.

आधी पायातलं मॅट बघा. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ मॅटमध्ये पेडल अडकलेल्या लेक्ससमधल्या चौघांचा जीव गेला. मॅट जागेवर असेल, तर इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा. जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत केबल जाते. कार्बोरेटरकडचं तिचं टोक सोडवा आणि तिथला लिव्हर हातानं फिरवा. तो झटकन परत येत नसेल, तर थ्रॉटलच्या दांड्यावर काजळी आणि चिकटा धरलाय किंवा रिटर्न स्प्रिंग ढिली पडलीय. काजळी क्लीनरनं निघते, स्प्रिंग मात्र नवीच घालावी लागते. लिव्हर ठीक असेल, तर दोष केबलचा किंवा पेडलच्या पिनचा.

केबल काढली की बहुतेकदा कारण डोळ्यांनी दिसतं: पेडलकडच्या टोकाशी आतल्या तारेचा एखादा धागा तुटून बाहेर आलेला असतो आणि दर वेळी वरच्या नळीच्या तोंडाशी अटकतो. पावसाचं पाणी आणि धूळ आत शिरून गंजही चढतो. अशा केबलला तेल पाजून वेळ मारून नेऊ नका, ती बदला. गॅरेजमध्ये तेलावर भागवत असतील, तर नवी केबल आग्रहानं मागा. इंजिनाच्या मानानं हा खर्च अगदी किरकोळ आहे.

चालत्या गाडीत रेस अडकलीच, तर क्लच दाबून गाडी न्यूट्रलला घ्या आणि ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. तो पुन्हापुन्हा मारला, तर बूस्टरचं बळ संपून पेडल जड होतं. इंजिन ओरडलं तरी ओरडू द्या. गाडी कडेला थांबल्यावरच किल्ली फिरवा, कारण चालत्या गाडीत किल्ली पूर्ण मागे फिरवून काढली, तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

उद्या सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पेडल दाबून सोडा. ते लगेच वर आलं नाही, तर गाडी घरीच ठेवा आणि मिस्त्रीला दारात बोलवा.