फुफ्फुसांची किंमत शहर बघून ठरते का?

प्रदूषणाच्या नियमांचा आग्रह धरला की लगेच ऐकवलं जातं, 'तुम्हाला वीज नको का? नोकऱ्या नकोत का?' दोन्ही हवं आहे! शेतीवरचा भार हलका करायला उद्योग वाढवा, हे बाबासाहेबांनी 1918 मध्येच मांडलं. मजूरमंत्री असताना दामोदर खोरे योजनेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. आम्हाला विकासविरोधी म्हणू नका.

प्रश्न वेगळा आहे. औष्णिक वीज केंद्रांनी सल्फर डायऑक्साइड आटोक्यात आणावा, असा नियम केंद्राने डिसेंबर 2015 मध्ये केला. मुदत दोन वर्षांची. मग मुदतवाढीवर मुदतवाढ. जुलै 2025 मध्ये तर सुमारे 78 टक्के संचांना त्यासाठीची यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत केंद्र असेल तर सक्ती, अतिप्रदूषित भागांचं प्रकरणागणिक ठरणार, बाकीच्यांना माफी.

यंत्रणेने वीज महागेल, म्हणतात. महागेल, पण तो भार सगळ्या ग्राहकांत वाटला जाईल. आज तो चिमणीखालच्या वस्तीच्या छातीवर आहे. तिथे राहतं कोण? ज्याला दुसरीकडे घर परवडत नाही तो कंत्राटी कामगार, तो भूमिहीन. खर्च वाचला केंद्राचा, दवाखान्याचं बिल मजुराचं. याला समतोल म्हणायचं?

कार्यकर्त्यांनो, पर्यावरणाची जनसुनावणी म्हणजे आपलीच लढाई. तिथे जा, धुराच्या नोंदी मराठीत मागा.

जय भीम!